पुसलं गेलेलं गणिताचं पुस्तक

आज मी जो काही आहे, तो गावच्या शाळेतल्या माझ्या गणिताच्या सरांमुळे. घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्मही सरांनीच भरला. निवृत्तीनंतर त्यांनी गणितांचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा टाइप करायचं काम मी मागून घेतलं. गणितं त्यांच्या वह्यांत होती. ती सोडवायच्या युक्त्या मात्र सर दर रविवारी फोनवर सांगायचे आणि मी बोरीवलीच्या खोलीत बसून टाइप करायचो.

माझा जुना लॅपटॉप अंत पाहायचा. ‘त्रिकोण’ टाइप करावं, तर चहाला उकळी फुटेपर्यंत पडद्यावर नुसतं ‘त्रि’. तोवर सर पुढच्या गणितावर. शेवटी वैतागून हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवायचं ठरवलं.

आमच्या घरी वस्तू बदलायची तर जुनी सोबत नेऊन हुबेहूब तशीच आणतात, कुकरची रिंगसुद्धा. मीही त्याच कंपनीची, तेवढ्याच क्षमतेची एसएसडी घेतली. जुनीतलं सगळं नवीत उतरवायला बसलो, तर पडद्यावरच्या यादीत दोन्हींची नावं सारखीच! वरची जुनी असणार, असं धरून बटण दाबलं. दोन तासांनी कळलं, रिकामी डिस्कच भरलेलीवर उतरली होती.

अंधेरीच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क तपासली.

“अरे, डिस्कवरचा नंबर बघायचा ना आधी! नाव बघून काय होतं?”

“थोडं तरी निघेल ना?”

“काय निघणार? पूर्ण वाट लावलीस. बॅकअप?”

मी नकारार्थी मान हलवली.

“शिकलेला ना रे तू?”

त्याने एसएसडी बसवून दिली. लॅपटॉप आता चुटकीसरशी सुरू होतो आणि तेच बघून डोकं फिरतं.

फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून पत्र पाठवलं:

“ती. सरांना साष्टांग नमस्कार.

टाइप केलेलं पुस्तक माझ्या हातून पुसलं गेलं. लॅपटॉप बिघडला, असं लिहिणार होतो. तो बिघडला नव्हता. मी खात्री न करता बटण दाबलं. वह्या सुरक्षित आहेत, पण तुमच्या युक्त्या गेल्या. आठवून लिहायला बसलो, तर चाळीसपैकी अकराच जमल्या. त्यातल्याही दोन चुकल्यासारख्या वाटतात. सोबत जोडल्या आहेत, तपासून द्याव्यात. बाकीच्या पुन्हा सांगाल का? बोलताना तुम्हाला धाप लागते, म्हणून फोनवर नको. दिवाळीला गावी येतो, समोर बसून कागदावर उतरवून घेईन. रागावलात तरी येईन.

आपला विद्यार्थी”