दोन घोडे कमी

इंजिनाच्या कव्हरवरच्या आकड्यावर मिस्त्रींनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला नाही. शहागंजातल्या त्यांच्या गाळ्यात होड्यांना मागं लावायची जुनी इंजिनं फळीला टांगलेली असत. पैठणच्या नाथसागर धरणावरचे आम्ही मासेमार तिथंच जायचो. "हे दहा हॉर्सपॉवरचं आहे," असं कुणी म्हणालं, की मिस्त्री हसायचे. "लग्नपत्रिकेत समदेच नवरदेव राजबिंडे असतात, बाबा. नांदल्यावर कळतं."

मग रविवारी धरणावर परीक्षा. होडीला इंजिन लावायचं, होडी काठावरच्या बाभळीला दोरानं बांधायची आणि मधे मासे तोलायचा काटा अडकवायचा. इंजिन पुरं पळवलं, की होडी ओढ घेईल तेवढे किलो काट्यावर दिसायचे. एका घडणीची दोन इंजिनं असली, तर आलटूनपालटून चार-चार वेळा. मी वैतागायचो. "अहो मिस्त्री, मासे नासतील माझे!"

"नासू दे. मासे दुसरे भेटतील."

हे वेड कशापायी, ते मला मिस्त्रींच्या बायकोनं, वहिनींनी सांगितलं. तरुणपणी मिस्त्रींच्या धाकट्या भावाचं दहाचं इंजिन दुरुस्तीला आलं होतं. मिस्त्रींनी त्याला तोवर तसंच दिसणारं जुनं आठाचं दिलं. "घडण एकच हाय, आकडा काय बघतो? जा बिनघोर," म्हणाले. दुपारी वारं उठलं. होडी काठाला येता येता उलटली. इंजिन त्याच दिवशी सापडलं, भाऊ तिसऱ्या दिवशी.

ते आठाचं इंजिन मिस्त्रींनी कुणाला दिलं नाही. दर दिवाळीला खोलायचे, तेल-ग्रीस करायचे, पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचे. काट्याला मात्र कधी लावलं नाही. एकदा मी बोलून गेलो, "लावून बघा की एकदाचं."

हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. "दोन घोडे कमी पडले, एवढं मला ठावं हाय. किती किलोनं, ते नगं." माझी मलाच लाज वाटली. पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. गाळा आवरताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते तेवढं घेऊन जा. माझ्याच्यानं बघवत नाय."

रविवारी धरणावर नेलं. आधी माझं त्याच घडणीचं दहाचं लावलं. काटा शहात्तरवर थांबला. मग आठाचं. दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला सुरू झालं, इतकं जपलेलं. दोर ताणला, बाभळ करकरली. काटा शहात्तरवर! विश्वास बसेना म्हणून आलटूनपालटून पुन्हा लावलं. शहात्तर म्हणजे शहात्तर.

मिस्त्री त्या दिवशी खरंच बोलले होते. वारंच मोठं होतं, दहाचं असतं तरी भाऊ परतला नसता. मी तिथंच काठावर बसून ढसाढसा रडलो.

अहो मिस्त्री, आम्हा सगळ्यांची इंजिनं या बाभळीला बांधलीत. मग हे एक का नाही हो बांधलंत? पाच मिनिटांचं तर काम होतं.