फक्त माझ्या ओळी

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला बाळकुमच्या टॉवरचं साइट ऑफिस आठवतं. मी तिथला सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचा, कंत्राटदार. प्लॅनिंगच्या मॅडमनी कॉम्प्युटरवर आधीच्या इमारतीच्या टेम्पलेटवरून वेळापत्रक बनवलेलं, तीनशे ओळींचं. मी टेबलावर हात आपटला. "बाकीच्यांचं पुराण मला कशाला? फक्त माझ्या ओळी दाखवा." त्या म्हणाल्या, "काका, मग स्लॅब कधी भरला ते तुम्हाला दिसणार नाही हं." "साइटवर मी डोळे मिटून बसतो का?" मी ओरडलो. त्यांनी माझ्यापुरता वेगळा व्ह्यू, म्हणजे फक्त माझ्या ओळींचा तक्ता, केला; दर आठवड्याला त्याचा ताजा कागद हातात यायचा. पुढे स्लॅब चार दिवस उशिरा भरला, पण टेम्पलेटमध्ये स्लॅब भरणं आणि टेकू काढणं ही दोन कामं एकमेकांना जोडलेलीच नव्हती, त्यामुळे टेकू काढायची माझी तारीख हलली नाही. त्या आठवड्यात मी मोहने गावातल्या दुसऱ्या साइटवर होतो. बाळकुमहून माझ्या मुकादमाचा फोन आला, "शेठ, स्लॅब कच्चा वाटतोय. थांबू का?" "कागदावर आज आहे ना? मग काढ." टेकू काढताना स्लॅब मुकादमाच्या अंगावर आला आणि तो गेला. टेम्पलेट मॅडमचं होतं, हे मी चौकशीत ओरडून सांगितलं, आजही सांगतो. त्याच्या बायकोने मात्र मला एवढंच विचारलेलं, "आमच्या ह्यांनी तुम्हाला फोन केलेला ना?"