अंगठ्याखालचा चेहरा

बाई आधी फोटोतल्या नेत्याच्या तोंडावर अंगठा ठेवायच्या. संगणकाच्या पडद्यावर, चांगला दाबून. मग म्हणायच्या, "तोंडं सगळ्यांची सारखीच. मागं देऊळ कुठलं हाय ते बघा."

देऊळ म्हणजे चर्च, आणि नेता अमेरिकेचा. आम्ही मात्र सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका दैनिकाच्या कचेरीत. बाई परदेशाचं पान पाहायच्या. मूळच्या मंद्रूपच्या. अमेरिकेला त्या कधी गेल्या नव्हत्या आणि जायची इच्छा त्यांनी कधी बोलूनही दाखवली नाही.

मी जिल्ह्याचं राजकारण लिहायचो. टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंत कोण कोणाच्या गाडीत बसतो, कोण उतरतो, हे मला ठाऊक असे. रविवारच्या अंकातली उजव्या हाताची जागा बरीच वर्षं माझी होती. अमेरिकेत अध्यक्षपदाची हवा सुरू झाली आणि संपादकांनी ती जागा बाईंना दिली. "थोडे दिवस," असं ते म्हणाले. वर्तमानपत्रात काम केलेल्यांना या 'थोडे दिवस'चा अर्थ समजावून सांगायला नको.

प्रत्यक्ष मतदान तेव्हा फार लांब होतं. उमेदवारही ठरले नव्हते. मी निश्चिंत होतो. हे वाचणार कोण?

पहिल्याच लेखात बाईंनी लिहिलं की अमेरिकेत जिथून उमेदवार निवडायला सुरुवात होते ते आयोवा राज्य म्हणजे मोठं मंद्रूप. मक्याची शेती, दुकानात बसून चालणाऱ्या चर्चा, आणि कोण कुठल्या प्रार्थनेला गेला याची गावभर खबर. आपल्याकडे पक्षाचं तिकीट मुंबईहून येतं. तिकडे ते आधी अशा गावांत जाऊन लोकांकडे मागावं लागतं. मागायला आलेला माणूस रविवारी कुठल्या बाकावर बसला, हे गाव बघून ठेवतं.

सोमवारी एका माजी नगरसेवकाचा मला फोन आला. हा माणूस मी बातम्यांसाठी कित्येक वर्षं सांभाळला होता. काहीतरी बातमी असणार म्हणून मी पेन उघडलं.

"साहेब, त्या बाईंचा नंबर द्या की."

"कशाला?"

"त्यो दाढीवाला उमेदवार आयोवात पडला तर पुढं उभा ऱ्हातो का बसतो, इचारायचं हुतं. आमची पैज लागलीया."

मी नंबर दिला. पेन बंद केलं.

पुढे हे नेहमीचंच झालं. चहाच्या गाड्यावर लोक मला पाहून म्हणत, "बाईंचं वाचलं का?" जिल्हा परिषदेतल्या फोडाफोडीवर मी लिहिलेलं शेजारच्याच पानावर असे. त्याबद्दल कोणी विचारत नसे. मला मत्सर वाटत होता. त्याला दुसरा शब्द नाही.

बाईंना ते कळत असावं. डबा उघडला की त्या हाक मारायच्या, "या बातमीदार, शेंगाची चटणी हाय. खाताना तरी तोंड सरळ करा." मी जायचो, कारण चटणी चांगली असायची. जेवताना त्या जिल्ह्याची हकिगत विचारायच्या आणि मी सांगायचो. सांगताना माझं महत्त्व मला परत मिळे.

मग तो रविवार आला. एका इच्छुक उमेदवाराने राखेच्या बुधवारी चर्चमध्ये जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतला होता. ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या काळाचा तो पहिला दिवस. बाईंचा अख्खा लेख त्या कपाळावर होता. छापून आला तेव्हा फोटोतलं कपाळ लख्ख होतं. खाली ओळ होती: 'कपाळावरची राख लपवण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी.'

पानं लावणारा आमचा आर्टिस्ट अंबादास. वाढदिवसाच्या जाहिरातींत नेत्यांचा घाम, तीळ, गुलाल पुसून पुसून त्याच्या हाताला तेच वळण पडलं होतं. "मला वाटलं काजळी लागलीय," तो म्हणाला.

त्या दिवशी मी कचेरीत लवकर पोचलो. संपादक संतापले होते. जागा परत माझ्याकडे येणार, हे त्यांच्या आवाजावरून स्पष्ट होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "अजून एक रविवार द्या. आणि अंबादासला कुणी बोलू नका."

पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही फोटो शेजारी छापले, राखेचा आणि बिनराखेचा. लिहिलं की तिथला नेता राख मिरवतो, कारण समोरचे मतदार त्याला एकाच रांगेत बसलेले दिसतात. आमचा नेता मठात भस्म लावून निघतो आणि पुढच्या, दुसऱ्या देवाच्या वस्तीच्या वळणावर गाडीत ओल्या रुमालाने पुसतो. आमच्या आर्टिस्टने हेच इथलं काम केलं, फक्त चुकीच्या देशात.

तो रुमाल मी पाहिला होता. त्या गाडीत मागच्या सीटवर मी बसलो होतो, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. बातमी म्हणून तो मला कधी दिसला नव्हता. चटणी खाताना गंमत म्हणून मीच तो बाईंना सांगितला होता.

लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं: 'ही माहिती आमच्या जिल्हा बातमीदारांची.' श्रेय लाटलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

लोक महिनाभर त्या रुमालाबद्दल बोलत होते. जागा बाईंकडेच राहिली. मी चटणीला जाणं बंद केलं. त्या हाक मारत राहिल्या.

मग त्या निवृत्त झाल्या आणि मंद्रूपला राहायला गेल्या. निरोपाला मला म्हणाल्या, "जागा तुमचीच हाय. पण लई तोंडं छापू नका." अमेरिकेचा निकाल लागायला तेव्हा अजून अवकाश होता.

परवा त्या जागेसाठी मी इथल्या एका इच्छुकाचा फोटो निवडत होतो. कपाळावरचं भस्म अर्धवट पुसलेलं, एक पट्टा कानाकडे ओघळलेला. अंबादास शेजारी उभा होता.

"सर, साफ करू?"

माझा अंगठा त्या माणसाच्या तोंडावर गेला होता. मागे मठ नव्हता; पुढच्या वस्तीची कमान होती.

"बाई पण असंच करायच्या," अंबादास म्हणाला.

मी हात काढून घेतला. "कपाळ राहू दे तसंच," म्हणालो.

तो हसला आणि सवयीने फडकं घेऊन पडद्यावरचा माझ्या अंगठ्याचा ठसा पुसू लागला.