लाल गाडीची ट्रायल

बेल्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे मी माझी लाल स्पोर्ट्स कार नेली. मी ती नुकतीच घेतली होती, पण वयानं ती माझ्याहून मोठी. सीट दोनच आणि वर छत नाही. मिस्त्री तिच्याभोवती फिरला, बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "होते."

काहीही विचारा, त्याचं उत्तर हेच, म्हणजे होऊन जाईल. कामाची रीतही एकच. दुरुस्त झालेल्या गाडीत आधी बायकोला बसवायचं, एक चक्कर मारायची आणि तिचं तोंड पाहायचं. ट्रॅक्टर असला तर ती मडगार्डवर बसते. तिच्या कपाळाला आठी पडली की इंजिन पुन्हा खोलायचं.

माझ्या गाडीला तिनं दोनदा नापास केलं. "खडखड करून राह्यली," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी चिडलो.

"काऊन घाई करता साहेब? होते."

तिसऱ्या खेपेला मला रिकाम्या डब्यावर बसवून दोघं निघाले. थोड्या वेळानं कपाशीपलीकडून इंजिनाचा संथ आवाज आला, आणि त्याच्याही वर बाईचं हसणं. परतली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते, पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला होता, आणि ती काही उतरेना.

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं, मग गंभीरपणे बॉनेटला कान लावला. "साहेब, आजून बारीकसा आवाज हाय. उद्या एक ट्रायल घ्या लागते."

मला कसलाच आवाज येत नव्हता. "परवाही घ्या," म्हणालो आणि बस धरायला निघालो.