सरकारी घसा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनाचं काम मिळालं, त्यातूनच फी भागेल. मग विचारलंत, "आजी, तुझ्या वेळी असं होतं का?" मी विषय बदलला. आज लिहून सांगते.

होतं.

"तू पी गं. तुझं काय बाटणार आहे?"

हे माझ्या सरांचं वाक्य. रांधा गावात, एका वारली घराच्या दारात, सगळ्यांसमोर.

एकोणीसशे साठचं दशक. मी मुंबईत एम.ए. करत होते. बाबा सिल्वासाच्या सरकारी कचेरीत शिपाई. आम्ही महार. सरांनी सिल्वासाजवळच्या आदिवासी पाड्यांच्या पाहणीसाठी मला सहायक म्हणून घेतलं, तेव्हा वाटलं, माझे मार्क बघून घेतलं. फी त्या कामातूनच जायची.

पाड्यावरची रीत अशी, की आलेल्याने आधी घरचं पाणी प्यायचं, मग बोलणं. कुणीच प्यायलं नाही तर बायका तोंड उघडत नसत. सर पीत नसत. बरोबरचा दुसरा सहायकही नाही. दार आलं की तो ओरडायचा, "सर, सरकारी घसा पुढे पाठवा!" दोघं हसायचे. मी प्यायचे. बायका बोलायच्या. सर लिहून घ्यायचे.

संध्याकाळी विश्रामगृहात त्यांच्या माठाला हात लावायची मला बंदी. माझा कप बाहेर, व्हरांड्याच्या कठड्यावर. खानसामा वरून पाणी ओतायचा. आठवलं तर.

राखोलीच्या पाड्यावर एका म्हातारीने पाण्याचा तुंबा, वाळक्या भोपळ्याचा, पुढे केला. सरांनी मला नुसती मानेने खूण केली. मी तुंबा घेतला आणि त्यांच्यापुढे धरला.

"सर, आधी तुम्ही."

"काम हवंय ना तुला?"

"हवंय. आधी तुम्ही."

म्हातारी म्हणाली, "सायबाला आमचा पानी चालत नाय का?"

"नाही चालत, आजी. माझ्या हातचंही नाही."

तिने तुंबा हिसकावून घेतला आणि दार लावलं. आम्हा तिघांच्याही तोंडावर.

सर जीपकडे वळले. "तुमच्या लोकांना वर घेतलं की हेच होतं. उद्यापासून येऊ नकोस."

काम गेलं. फी थांबली. एम.ए. सुटलं. पुढे सिल्वासाच्या शाळेत शिकवत, बाहेरून परीक्षा देत ते पुरं केलं. सरांचं पुस्तक आलं. त्या बायकांचं बोलणं त्यात आहे. माझं नाव नाही.

त्या दिवसापासून मी फक्त माझ्या तहानेसाठी पाणी पिते. दुसऱ्याच्या वतीने एक घोटही नाही. त्या कामातलं तेवढंच माझ्याकडे शिल्लक आहे.