बाजूला बसलेला मासा

गेला शनिवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मी डेंटिस्टसमोर तोंड उघडून बसले होते आणि पर्समध्ये फोन वाजला. बाहेर येऊन बघते तर आमच्या ह्यांचा मेसेज... नव्या माशाचा फोटो, मोठ्या टँकमधला. खाली लिहिलेलं, 'नवीन मेंबर घरात!'

दाढ दुखत होती हेच विसरले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे समुद्री माशांचा टँक आहे. 'सोलापुरात प्यायचं पाणी चार दिवसांआड येतं आणि तुम्ही घरात समुद्र भरलाय,' हे ऐकून झालंय, कमेंटमध्ये कृपया दुसरं काही लिहा. त्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोकर माशांची जोडी आहे. मी खोलीत आले की दोघं काचेशी येतात... या घरात माझ्या येण्याची दखल घेणारे तेवढेच.

त्याच आठवड्यात मंगळवारी पुण्याहून मागवलेला एक निळा मासा आला. दुकानदार म्हणाला, 'मॅडम, एकदम क्लीन पीस आहे, डायरेक्ट टाका.' मी टाकला नाही. मागच्या खोलीत छोट्या टँकमध्ये सहा आठवडे वेगळा ठेवायचा, हे ठरलेलं होतं.

यावर आमच्या माशांच्या ग्रुपवर कायम भांडणं. एक पार्टी म्हणते, वेगळं ठेवल्याच्या टेन्शननेच मासा आजारी पडतो, त्यापेक्षा चांगलं खाऊ घाला, इम्युनिटी वाढवा. टेन्शन येतं हे मला मान्य आहे. म्हणून लपायला पाइपचा तुकडा ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, रोज जवळ बसून बघायचं... कंटाळवाणं काम आहे. पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊन आलेला मासा सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसतो. तो जंतू एकदा मोठ्या टँकच्या वाळूत उतरला, की तुमची इम्युनिटी घेऊन बसा.

बुधवारी माझी नणंद शांता दुधनीहून डोळे तपासायला आली. छोटा टँक बघून म्हणाली, 'अय्यो पाप, हे हितं एकटंच का?' दुधनीकडे कानडीत 'पाप' म्हणजे बिच्चारं. मी घाईत होते. म्हटलं, 'काल आलाय, त्याला बाजूला ठेवलंय.'

तो एक शब्द महागात पडला.

शनिवारी घरी पोचले तर शांता खुशीत टँकसमोर खुर्ची टाकून बसलेली. मी विचारलं, 'कुणी सांगितलं गं तुला?'

'सांगायचं काय वहिनी? चार दिवस झाले की. पाचव्या दिवशी न्हाऊ घातलं नि घेतलं आत.'

तिने खरोखर घमेल्यात गोडं पाणी घेऊन त्या समुद्री माशाला आंघोळ घातली होती. बाईमाणूस बाजूला बसतं, चार दिवसांनी डोक्यावरून न्हाऊन घरात येतं... तसाच मासाही घरात घेतला. शास्त्रात कुठे कमी पडली नाही बिचारी.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला बरंच काही शिकवलं, पण या प्रसंगी काय बोलावं हे शिकवलं नव्हतं.

नंतर स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, 'वहिनी, रागावू नका की. मला कुणी असं बाजूला बसलेलं बघवतच न्हाय.'

आणि मला आठवलं... लग्नानंतर दुधनीच्या घरी मागच्या पडवीत चटईवर बसलेली मी. पहिल्यांदाच, संतापाने पेटलेली. परकर-पोलक्यातली ही शांता उंबऱ्याच्या आत बसून माझ्याशी गप्पा मारायची. 'शिवू नको,' म्हणून सासूबाई ओरडायच्या, तरी उठायची नाही. तिच्यावर काय रागवायचं?

पण काल जोडीतल्या मादीच्या पंखांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले. धापा टाकतेय, खात नाही. खोलीत गेले तर काचेशी एकटा नर आला...

आता सगळे मासे पकडून औषधाच्या टँकमध्ये हलवायचे. मोठ्या टँकमध्ये औषध घालता येत नाही, त्यातल्या गोगलगाई आणि कोळंब्या मरतील. तो अडीच महिने माशांविना ठेवायचा, तेव्हा कुठे वाळूतला जंतू उपाशी मरणार. वाचेल ती? माहीत नाही. माझे गुडघे दुखतायत, बादल्या उचलून हात भरून आलेत. म्हणून पुन्हा सांगते, नवा मासा वेगळा ठेवा... आणि घरातल्या प्रत्येकाला का ते नीट समजावून सांगा.

शांताला मी सांगितलं नव्हतं. ह्यांना मात्र सगळं माहीत होतं. छोट्या टँकचा स्टँड ह्यांनीच जोडला, सहा आठवडे का, ते दोनदा ऐकलं. आणि शनिवारी टँकचं झाकण धरून उभे राहिले, वर फोटो काढला! विचारलं तर म्हणाले, 'अगं, ती म्हणाली, मी म्हटलं असू दे.'

हेच ते 'असू दे'. मी पडवीत बसले होते तेव्हाही हे आत पाटावर जेवत होते. तेव्हाही असू दे.

शांता, तू उंबऱ्यात बसायचीस त्याबद्दल तुझे आभार. इतकी वर्षं मानायचे राहिले होते.

आणि अहो, तुमच्याकडून मला लेखी उत्तर हवंय. 'थांब, तिला विचारू या' एवढंच म्हणायला तुम्हाला नेमकी काय अडचण होती? शनिवारचं आणि त्या वेळचं, दोन्हीचं लिहा. तोंडी नको, तोंडी नुसतं 'हं' मिळतं. येत्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत, याच पोस्टखाली.

न वाचता केलेला लाईक उत्तर म्हणून धरला जाणार नाही.