खुर्चीचा सरदार

कुवेतमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी मी मुलींचे कपडे शिवायचे आणि माझा नवरा व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांची सेवा करायचा. आम्ही त्यांना बडे बाबा म्हणायचो. तरुणपणी त्यांनी मुंबईला जहाजांच्या फेऱ्या केल्या होत्या. अर्धांगवायूनंतर अरबी बोलताना जीभ अडखळायची, हिंदी मात्र यायचं. माझ्या नवऱ्याखेरीज त्यांना कुणाचा हात अंगाला लागलेला चालत नसे. गावी, रत्नागिरीकडे, मात्र आम्ही सांगितलं होतं, हा पेढीवर कारकून आहे.

मुलींना फ्रेंच शिकवायला एक लेबनानी बाई यायच्या. मी मशीनवर बसून ऐकायचे; एव्हाना कामापुरतं अरबी कळत होतं. एकदा त्या फ्रान्सच्या राजवाड्यातले मान सांगत होत्या. राजाला सदरा देणारा वेगळा, मेणबत्ती धरणारा वेगळा. शौचाची खुर्ची सांभाळायलासुद्धा खास माणूस, तोही कमरेला तलवार लावून यायचा!

मुलींना खेळच सापडला. ड्रायव्हर झाला घोड्यांचा प्रमुख, मी राणीच्या पोशाखांची मानकरीण. मला आवडलंही. तेवढ्यात माझा नवरा बडे बाबांचं फडक्यानं झाकलेलं भांडं घेऊन दिवाणखान्यातून गेला.

"आणि हा खुर्चीचा सरदार!" धाकटी ओरडली.

"हसू नका," बाई म्हणाल्या, "तो मोठा मान होता."

पण त्यांचं कोण ऐकतो? दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर स्वयंपाकघरात कमरेत वाकून "सरदारसाहेब" म्हणू लागला. तो आमच्या शेजारच्या गावचा, आणि रजेवर निघालेला.

"आता गावभर होणार," माझा नवरा म्हणाला. त्यानं काम सोडलं आणि सुलैबियाकडे एका गोदामात लागला.

बडे बाबांनी दुसऱ्या नोकराच्या हातचं पाणीही घेतलं नाही. धाकटी आईबरोबर आमच्या खोलीवर आली. "मी गंमत केली होती," ती रडत म्हणाली. "चल ना, आजोबा तुलाच हाक मारतात."

"सरदार दुसरा नेमा," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. त्या गेल्यावर मी म्हटलं, "जाऊन तरी या."

मी मात्र शिवणाला जातच होते; पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा बडे बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खुद्द मालक बाह्या वर सारून बापाला पुसत होते. सवय नव्हती, फडक्याचं पाणी अंथरुणावर गळत होतं. म्हातारा भिंतीकडे बघत होता.

घरी येऊन मी ते सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, "पाणी कोमट होतं का? गार त्यांना सोसत नाही."

शुक्रवारी तो गेला. मीही गेले. बडे बाबांच्या पायांशी बसून त्यानं हिंदीत विचारलं, "बाबा, पहचाना?" त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ओळखलं नाही की रागावले होते, ते कुणालाच कळलं नाही. मालक म्हणाले, "परत ये." त्यानं मान डोलावली, पण पुन्हा कामावर गेला नाही. मीही पुन्हा आग्रह केला नाही.

उन्हाळ्यात बडे बाबा गेले. जनाज्याला माझा नवरा सगळ्यांत मागच्या रांगेत उभा राहिला. गावी आम्ही विचारणाऱ्यांना अजूनही पेढीचंच सांगत होतो.